गोळी केव्हा थांबवावी?

कुष्ठरोगाच्या उपचारात एक वाक्य इतर सर्व वाक्यांपेक्षा अधिक वेळा उच्चारले जाते. ते वाक्य म्हणजे ‘गोळी सोडू नका’. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या अरण्यमय जिल्ह्यांत आरोग्यसेविका हेच सांगते, आशा कार्यकर्ती हेच सांगते आणि दवाखान्यातील डॉक्टरही हेच सांगतात. ते वाक्य सर्वथा खरे आहे आणि त्याच्या पालनाने लाखो माणसांचे हात, पाय व डोळे वाचले आहेत. परंतु खऱ्या नियमासही एखादा अपवाद असतो, आणि तो अपवाद ठाऊक नसला म्हणजे नियम निष्ठेने पाळणारा मनुष्यच कित्येकदा प्राणास मुकतो. कुष्ठरोगाच्या औषधांपैकी एका गोळीच्या बाबतीत असा अपवाद आहे. तो कोणता, तो कशामुळे उद्भवतो आणि तो ओळखावा कसा, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय होय.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे आज दोन असले तरी २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत ते एकच होते. वैनगंगा आणि प्राणहिता ह्या नद्यांच्या काठाने दक्षिणेस गेले म्हणजे वस्ती विरळ होत जाते, आणि भामरागड, एटापल्ली, सिरोंचा ह्या तालुक्यांत गावापेक्षा अरण्यच अधिक दिसते. महाराष्ट्रातील ज्या भागांत कुष्ठरोग अजूनही अधिक प्रमाणात आढळतो त्यांत ह्या प्रदेशाची गणना होते. २००५ सालच्या अखेरीस संपूर्ण देशाचे प्रमाण दर दहा हजारांस एक रोगी ह्याच्या खाली आले, आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून ह्या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. परंतु देशाची सरासरी हे प्रत्येक जिल्ह्याचे चित्र नव्हे. भारतात अलीकडच्या वर्षांतही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रोगी नोंदले जातात, आणि त्यांतील काहींची घरे ह्याच अरण्यात आहेत.

ह्या रोगावरील औषधाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. पूर्वी चौलमोग्रा म्हणजे कडू कवठीच्या जातीच्या बियांचे तेल हाच काय तो आधार होता. ते तेल पोटात घेतल्यास मळमळ होई आणि टोचून घेतल्यास असह्य वेदना होत. इतके सोसूनही गुण येईलच असा भरवसा नसे. १९०८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फ्रॉम आणि विटमान ह्या रसायनशास्त्रज्ञांनी एक पांढरे चूर्ण तयार केले. आज डॅप्सोन ह्या नावाने ओळखले जाणारे द्रव्य ते हेच. त्याचा रोगावर काही उपयोग असेल हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. ते रोगजंतूंना मारक आहे हे समजण्यास १९३७ साल उजाडावे लागले. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे डॉक्टर गाय फॅजेट ह्यांनी १९४१ पासून ह्याच कुळातील एका औषधाचा कुष्ठरोगावर प्रयोग केला. १९४० च्या दशकातच डॉक्टर रॉबर्ट कॉक्रेन ह्यांनी मद्रास इलाख्यात खुद्द डॅप्सोन वापरून पाहिले. नेमक्या त्याच सुमारास, १९४९ साली, वरोऱ्याजवळ बाबा आमटे ह्यांनी आनंदवनाचा पाया घातला. वर्ध्यास १९५० नंतरच्या दशकात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने गावोगाव पाहणी करून घरोघर औषध पोहोचविण्याची पद्धत घालून दिली. रोग्यास गावाबाहेर घालविण्याऐवजी औषधच गावात नेता येऊ लागले, आणि हे शक्य झाले ते डॅप्सोनच्या स्वस्त गोळीमुळे.

परंतु एकाच गोळीवर भिस्त ठेवल्याने पुढे निराळे संकट उभे राहिले. पुष्कळ रोगी मधूनमधून गोळी सोडून देत. १९६४ साली मलायातील संशोधनाने असे सिद्ध झाले की, कुष्ठरोगाचे काही जंतू आता डॅप्सोनला दाद देत नाहीत. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, आणि भारतात १९८३ पासून ही बहुविध औषधपद्धती कार्यक्रमात आली. रोगाचे स्वरूप पाहून सहा किंवा बारा महिने औषध घ्यावयाचे असते. अठ्ठावीस दिवसांचे एक पाकीट असते. त्यातील पहिली मात्रा सेविकेच्या देखत घ्यावयाची आणि उरलेली रोज घरी घ्यावयाची. ‘गोळी सोडू नका’ ह्या वाक्याचे सर्व बळ ह्या इतिहासात आहे. गोळी सोडणारा मनुष्य केवळ स्वतःचे नुकसान करीत नाही, तर जंतूंना औषध पचविण्यास शिकवितो.

आता अपवादाकडे वळू. जॉन लोव नावाचे डॉक्टर पुष्कळ वर्षे भारतात कुष्ठरोगाचे काम करीत होते आणि नंतर ते नायजेरियात गेले. १९४९ साली त्यांनी व त्यांचे सहकारी स्मिथ ह्यांनी असे नमूद केले की, डॅप्सोन घेणाऱ्या काही थोड्या रोग्यांना उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ताप येतो, गळ्यातील व काखेतील गाठी सुजतात आणि सर्वांगाची कातडी लाल होऊन सोलून निघते. पुढे ह्या विकारास डॅप्सोनजन्य अतिसंवेदनशीलता हे नाव रूढ झाले. ह्यात केवळ कातडी बिघडते असे नव्हे. यकृतास सूज येऊन डोळे पिवळे होतात, आणि कधी फुप्फुसे, मूत्रपिंडे व हृदय हीही सापडतात. जगभरच्या नोंदी एकत्र करून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, डॅप्सोन घेणाऱ्या दर हजारांत सुमारे चौदांना हा विकार होतो आणि ज्यांना तो होतो त्यांच्यापैकी सुमारे दशांश दगावतात. हजारांत चौदा ही संख्या लहान वाटते. परंतु जेथे औषध घेणारेच लाखाच्या घरात आहेत, तेथे ती मुळीच लहान नव्हे.

ह्या विकाराचे कपट त्याच्या वेळेत आहे. एखाद्या औषधाने अपाय व्हावयाचा तर तो पहिल्या दोन-चार दिवसांतच होईल, अशी सर्वसाधारण समजूत असते. डॅप्सोनचा हा प्रकोप मात्र बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास उफाळतो. म्हणजे असे होते की, पहिले पाकीट निर्विघ्नपणे संपते. सेविका समाधानाने दुसरे पाकीट देते आणि पुढील भेट अठ्ठावीस दिवसांवर जाते. त्यानंतर ताप येतो. गोळी महिनाभर पचली आहे, तेव्हा तिच्याविषयी संशय घेण्याचे कोणास कारणच वाटत नाही. अरण्यात ताप आला म्हणजे तो हिवताप, आणि अंगावर पुरळ उठले म्हणजे तो गोवर किंवा कांजिण्या, अशी पहिली कल्पना होते. पावसाळ्यात ओढे-नाले भरून वाहू लागले की दुर्गम गावांची वाट दिवस दिवस बंद पडते. घरी पडलेला रोगी तापातही पाकिटातील गोळी इमानाने गिळत राहतो, कारण त्यास तसेच शिकविलेले असते. त्यातच कुष्ठरोगाविषयीची जुनी भीती आड येते. कातडी सोलून निघू लागली की शेजारी म्हणतात, ‘रोग फुटला.’ मग रोगी लाजेने अधिकच दडून बसतो आणि ज्या दिवसांत प्राण वाचावयाचे, ते दिवस निघून जातात.

असे काहींनाच का व्हावे? ह्याचे उत्तर शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेत आहे. प्रत्येकाच्या पेशींवर काही ओळखचिन्हे असतात आणि ती आईबापांकडून वारशाने मिळतात. पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशी ह्या चिन्हांवरून आपले कोण व परके कोण हे ठरवितात. विशिष्ट चिन्हाच्या माणसांत औषधाचा कण त्या चिन्हाशी असा काही जुळतो की, पहारेकऱ्यास आपल्याच घरातील माणूस परका दिसू लागतो. मग शरीर स्वतःच्या कातडीवर व यकृतावर तुटून पडते. असे सैन्य उभे राहण्यास काही आठवडे लागतात. प्रकोप उशिराने होण्याचे कारण हेच. तेच औषध पुन्हा घेतल्यास मात्र सैन्य तयारच असते आणि प्रकोप काही तासांत किंवा थोड्या दिवसांत उलटतो. २०१३ साली चिनी संशोधकांनी डॅप्सोनच्या बाबतीत असे एक चिन्ह नेमके शोधून काढले. पुढे चीनमध्ये रोग्यांचे रक्त आधी तपासून, हे चिन्ह असलेल्यांना डॅप्सोन न देण्याचा प्रयोग झाला, आणि बाकीच्यांत हा विकार उद्भवला नाही. अशी तपासणी प्रत्येक वाडीपाड्यावर होणे सोपे नाही. जेथे ती नाही, तेथे जाणत्या माणसाची नजर हीच तपासणी होय.

त्या नजरेस एक भेद पक्का ठाऊक असला पाहिजे. कुष्ठरोगाच्या उपचारात कातडीवर तीन प्रकारचे बदल दिसू शकतात, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. पहिला बदल रंगाचा. क्लोफाझिमिनने कातडी हळूहळू तांबूस-काळसर होते आणि कोरडी पडते. रिफाम्पिसिनच्या मात्रेनंतर लघवी लालसर होते. ताप नाही, वेदना नाही. हे बदल निरुपद्रवी असून उपचार संपल्यावर रंग क्रमाने ओसरतो. येथे गोळी थांबवू नये. दुसरा बदल रोगाच्या स्वतःच्या प्रतिक्रियेचा. अंगावरचे जुने चट्टे एकाएकी लाल होऊन फुगतात किंवा दुखऱ्या गाठी उठतात. मज्जातंतू दुखू लागतात आणि हातापायांतील बळ कमी होते. कधी तापही येतो. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांशी शरीराचे चाललेले हे भांडण आहे. त्यावर त्वरित उपाय न केल्यास हात वाकडा होतो किंवा पाऊल लुळे पडते. डॉक्टर त्यासाठी स्टेरॉइड देतात. परंतु कुष्ठरोगाची गोळी येथेही थांबवावयाची नसते.

तिसरा बदल तो हा प्रकोप. ताप, सर्वांगावर नव्याने पसरणारे लाल पुरळ, सुजलेला चेहरा, गळ्यातील गाठी, पिवळे डोळे, तोंडातील किंवा गुह्यांगावरील जखमा, डोळ्यांची लाली, कातडीवर फोड येणे किंवा ती सुटणे, ह्यांपैकी लक्षणे दिसू लागली की त्या दिवशीची गोळी घेऊ नये, पाकीट सोबत घ्यावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॅप्सोन ह्यानंतर त्या रोग्यास पुन्हा कधीही द्यावयाचे नसते. तथापि एवढ्याने कुष्ठरोगाचा उपचार संपत नाही. प्रकृती सावरल्यावर उरलेल्या औषधांवर उपचार पूर्ण करता येतो, आणि ही गोष्ट रोग्यास आरंभीच सांगितली पाहिजे. एक गोळी थांबणे म्हणजे बरे होण्याची आशा सोडणे नव्हे, हे पटले म्हणजे तो निर्भयपणे दवाखान्यात येतो.

औषधांमुळे होणाऱ्या त्वचाविकारांत ह्याहूनही उग्र असा एक प्रकार आहे. न्यूयॉर्क येथील स्टीव्हन्स आणि जॉन्सन ह्या डॉक्टरांनी १९२२ साली दोन मुलांत तो वर्णिला, म्हणून त्यांचे नाव त्यास मिळाले. त्याचेच अतितीव्र रूप स्कॉटलंडमधील लायेल ह्यांनी १९५६ साली नोंदविले. ह्यात भाजल्यासारखी कातडी पापुद्र्याने सुटते. शरीराच्या एक-दशांशाहून कमी भागाची कातडी सुटली तर तो पहिला प्रकार, आणि तीन-दशांशाहून अधिक सुटली तर दुसरा, असे मानतात. ह्या दुसऱ्या प्रकारात सुमारे तिघांपैकी एक रोगी दगावतो. कातडी हे शरीराचे कवच आहे. ते गेले म्हणजे पाणी व क्षार झिरपून जातात, शरीराची ऊब टिकत नाही आणि जंतूंना रक्तात शिरण्यास वाट मिळते. बहुतेक मृत्यू ह्या जंतुसंसर्गानेच होतात. जे वाचतात त्यांच्या यातनाही तेथेच संपत नाहीत. पापण्या बुबुळास चिकटतात, अश्रू आटतात आणि वेळीच नेत्रवैद्याची देखभाल न मिळाल्यास दृष्टी जाते.

हा उग्र प्रकार घडविणाऱ्या औषधांत सल्फा वर्गाचे नाव अग्रभागी आहे, आणि ह्या वर्गाचा अरण्याशी संबंध हिवतापामुळे येतो. गडचिरोली हा महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा गड आहे. २०१३ सालच्या राष्ट्रीय औषधधोरणाने ईशान्येकडील राज्ये वगळून इतरत्र मारक हिवतापावर आर्टेसुनेटच्या जोडीस सल्फाडॉक्सिन व पायरिमेथामिन ह्यांची मात्रा ठरविली होती. हेच सल्फाडॉक्सिन असलेली गोळी १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकन प्रवासी हिवताप होऊ नये म्हणून दर आठवड्यास घेत. त्यांच्यात अकरा ते पंचवीस हजारांमागे एक मृत्यू त्वचेच्या प्रकोपाने झाल्याचा अंदाज १९८६ साली प्रसिद्ध झाला. हिवतापावरील उपचारासाठी एकदाच घेतलेल्या मात्रेत हा धोका पुष्कळच कमी असतो, आणि मारक हिवतापाचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. सबब भिऊन औषध नाकारणे हा वेडेपणा होईल. मात्र पूर्वी सल्फा औषध बाधले असल्यास तसे डॉक्टरांना आधी सांगणे अत्यावश्यक आहे, कारण सल्फाडॉक्सिन एकदा पोटात गेले म्हणजे कित्येक दिवस रक्तात राहते आणि ते परत काढून घेता येत नाही.

ही गोष्ट केवळ अरण्यातील आहे असे नागपूर, पुणे वा मुंबईच्या श्रोत्यांनी समजू नये. फेफऱ्यावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व लॅमोट्रिजिन, संधिवाताच्या एका प्रकारावरील अॅलोप्युरिनॉल, काही वेदनाशामके आणि सल्फायुक्त जंतुनाशके ह्यांनीही असाच प्रकोप होतो, आणि तोही बहुधा औषध सुरू केल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत. शहरातील घरांत एकाचे उरलेले औषध दुसऱ्यास देण्याची, किंवा दुकानातून नाव सांगून गोळी आणण्याची जी सवय आहे, ती ह्या दृष्टीने धोक्याची आहे. औषध कोणते घेतले हेच ठाऊक नसेल तर ते थांबवावयाचे तरी कसे? म्हणून नवे औषध सुरू केल्याची तारीख लिहून ठेवावी आणि पाकिटाचे वेष्टन टाकून देऊ नये. एवढ्या लहानशा काळजीने डॉक्टरांचे कित्येक तास वाचतात, आणि येथे तासांनाही मोल आहे.

प्रकोप झाल्यावर काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. सुटलेल्या कातडीवर हळद, राख, तेल किंवा पाल्याचा लेप लावू नये. फोड फोडू नयेत. तापासाठी आणखी नवी गोळी आपल्या बुद्धीने घेऊ नये. रोग्यास स्वच्छ, मऊ धुतलेल्या कापडात गुंडाळावे, ऊब द्यावी, गिळता येत असेल तर थोडे थोडे पाणी पाजावे आणि विलंब न लावता मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. तेथे त्याची शुश्रूषा भाजलेल्या रोग्यासारखी होते. शिरेतून क्षारजल, न चिकटणारी पट्टी, डोळ्यांची दररोज निगा आणि जंतुसंसर्गावर अखंड लक्ष, हेच तिचे मुख्य अंग होय. डॅप्सोनच्या प्रकोपात डॉक्टर स्टेरॉइड देतात आणि ते कित्येक आठवडे हळूहळू कमी करीत नेतात. बरे वाटले म्हणून ते एकाएकी सोडल्यास विकार पुन्हा डोके वर काढतो.

बरे झाल्यावरही एक कर्तव्य उरते. बाधलेल्या औषधाचे नाव एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून ती चिठ्ठी रोग्याने जन्मभर जवळ बाळगावी. ओळखचिन्हे वारशाने येत असल्यामुळे सख्ख्या भावंडांनी व मुलांनीही ही गोष्ट आपल्या डॉक्टरांच्या कानी घालावी. शिवाय अशा प्रत्येक प्रसंगाची नोंद होणे जरूर आहे. भारतात २०१० साली औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवितो. नोंद डॉक्टरांनीच केली पाहिजे असे नाही. रोगी किंवा त्याचे नातेवाईकही १८००-१८०-३०२४ ह्या निःशुल्क दूरध्वनीवर ती करू शकतात. नोंद न झालेला मृत्यू कोणासही काही शिकवीत नाही.

राहता राहिला प्रश्न अरण्यातील त्या पाकिटाचा. डॅप्सोनची गोळी टाकून द्यावी असे कोणीही म्हणणार नाही. तिने जे केले आहे ते आनंदवनापासून भामरागडपर्यंत डोळ्यांपुढे आहे. परंतु पाकीट हाती देताना एकाऐवजी दोन वाक्ये सांगण्यास अर्धे मिनिटही अधिक लागत नाही. ‘गोळी सोडू नका’ हे पहिले वाक्य. ‘ताप येऊन अंगभर पुरळ उठले, तोंड आले किंवा डोळे पिवळे झाले, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी या’ हे दुसरे. हे दुसरे वाक्य रोग्याच्या बोलीत, मग ती मराठी असो, गोंडी असो वा माडिया असो, त्यास समजेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे आणि दुसऱ्या पाकिटाच्या वेळी पुन्हा सांगितले पाहिजे. सेविकेने ह्या पहिल्या दोन महिन्यांत एक फेरी अधिक घातली, तर ज्या थोड्यांच्या नशिबी हा प्रकोप आहे त्यांच्यापैकी पुष्कळांचे प्राण वाचतील, आणि बाकीच्या सर्वांचा गोळीवरील विश्वासही अभंग राहील.